मेळघाटात किट वाटायला मालिकेतला कलाकार न्यावा का?

पानपिंपळी

नमस्कार मंडळी. आमचं अंजनगाव सुर्जीचं गणेश मंडळ. यंदा डीजे लावला नाही, त्यामुळे वर्गणीतले बऱ्यापैकी पैसे उरले. ते मेळघाटातल्या कुपोषित लेकरांसाठी लावायचे असं ठरलं. त्यातच एका पोराच्या मावसभावाच्या ओळखीनं मालिकेतला एक कलाकार एक दिवस यायला तयार झाला. नाव आत्ता सांगत नाही, पण तुमच्या आईला विचारा, ती लगेच ओळखेल. मानधन नको म्हणतो, फक्त गाडी आणि परतवाड्याला मुक्काम.

बेत असा आहे: दिवाळीनंतरच्या रविवारी धारणी तालुक्यातल्या एका गावात जायचं. किटमध्ये तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, साखर, बिस्किटांचे पुडे, दूध पावडर. वाटप कलाकाराच्या हस्ते. त्याचा व्हिडिओ तो स्वतःच्या पेजवर टाकणार, तिथे त्याला पाहणारे लाखांनी आहेत. त्यातून आणखी मदत येईल असा आमचा हिशोब.

मंडळात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात, नट आला की कामं होतात. बाकीचे म्हणतात, तमाशा होईल. गाडगेबाबांचं शेंडगाव आमच्याच तालुक्यातलं, भुकेल्याला अन्न द्यावं हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. वाद आहे तो नट नेण्यावर. ज्यांनी असं काही जवळून पाहिलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा.

संत्र्याचा बगीचा

बाबू, मी वरुडचा, रिटायर मास्तर. आमच्या तालुक्यात २०१६ ले वॉटर कप झाला, पानी फाउंडेशनची गावागावातली पाणी अडवाची स्पर्धा. पहिल्या वर्षी तीनच तालुके होते, आमचं वरुड, तिकडे साताऱ्याचं कोरेगाव अन् बीडचं अंबाजोगाई. आमीर खान होता त्याच्या मागं. पण पाणी काही त्यानं घागरीत भरून नाही आणलं. गावातल्या लोकायले ट्रेनिंग देलं, अन् मंग लोकायनंच टिकास-फावडी हाती घेतली. नट फक्त लोकायले घराबाहेर काढाच्या कामाचा होता. तेवढं काम मात्र त्यानं असं केलं का आमदाराच्या बापाच्यानं झालं नसतं.

त्याच माणसाले सरकारनं २०१२ मंदी कुपोषणाच्या जाहिरातीत घेतलं होतं. "कुपोषण भारत छोडो" म्हणून. टीव्हीवर आलं, रेडिओवर आलं. आमच्या गावात त्यानं एक लेकरू जाड झालं असंन तर मले दाखवा. माणूस थोच, नाव थेच. फरक काय तर वरुडात लोकायच्या हाताले काम देलं होतं, जाहिरातीत नुसतं आयकवलं.

तुमचा नट किट वाटून जाईन. मंग?

सिपना काठ

दादा, मी धारणी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. स्वतः कोरकू. या कामात बरीच वर्षं गेली. तुमचा हेतू चांगला दिसतो म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तारखेचं बघा. दिवाळी झाली की आमचं गाव अर्धं रिकामं होतं. कोणी अकोटकडे, कोणी दर्यापूरकडे, कोणी तुमच्याच अंजनगावकडे कापूस वेचायला जातं, कोणी वीटभट्टीवर. लहान लेकरं सोबत जातात आणि होळीला परत येतात. म्हणजे तुम्ही किट घेऊन घाट चढून इकडे येणार, आणि ज्यांच्यासाठी आणलं ती लेकरं तुमच्याच शिवारात पऱ्हाटीच्या धुऱ्यावर झोळीत निजलेली असणार. तुमच्या गावात मजुरांची पालं पडतात ना, तिथे एकदा संध्याकाळी फिरून या. कदाचित मेळघाटात यायची गरजच पडणार नाही.

आमच्याकडे वाईट दिवस असतात ते पावसाळ्याचे. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. घरातलं धान्य संपत आलेलं, पेरणी-निंदणीची घाई, हगवण, ताप, न्यूमोनिया. चांगलं धरलेलं लेकरू दोन आठवड्यांत उतरतं. त्या दिवसांत नट येत नाहीत. रस्ता चिखलाचा, मोबाईलला रेंज नाही.

आता किट. धान्य दिलं तर कोणी नाही म्हणणार नाही, घर आठ दिवस जेवेल. पण तुम्हाला ज्या लेकराची चिंता आहे त्याच्या पोटात त्यातलं किती जातं ते बघा. सहा महिन्यांच्या पुढचं, दोन वर्षांच्या आतलं लेकरू. त्याचं पोट वाटीएवढं. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, मऊ, तेल घातलेलं खाऊ घालावं लागतं. आई सकाळी सातला मजुरीला गेलेली असते. लेकरू सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. ती बिचारी स्वतःच लेकरू. ती काय करते? काळ्या चहात बिस्किट बुडवून देते. ते गोड लागतं, पोट भरल्यासारखं होतं, लेकरू गप्प बसतं. तुमच्या किटमधले बिस्किटांचे पुडे तिथे जातात. घरात डाळ असून लेकरू उपाशी राहतं ते असं. भरवायला हात नसतो, दादा.

दंडाची पट्टी पाहिली आहे का तुम्ही? डाव्या दंडाच्या मधोमध गुंडाळतो. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा रंग, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. पट्टी आवळायची नाही आणि ढिलीही सोडायची नाही, कातडीला नुसती टेकली पाहिजे. लेकरू रडून हात आखडतं, आईला त्याचा हात सरळ धरायला सांगावं लागतं. आणि आईच नेमकी त्या वेळी तोंड फिरवते, कारण तिलाही रंग कळतो.

मागे आमच्या भागात टीव्हीवरचा एक माणूस आला होता. कोण ते लिहीत नाही. चांगलं बोलला, खाली बसला, लेकरांना मांडीवर घेतलं. पण सोबतच्या लोकांना "खरी कुपोषित केस" पाहिजे होती. लाल पट्टीतली एक मुलगी होती, जेमतेम दीड वर्षाची. तिचा झगा काढून बरगड्या दिसतील असा फोटो घेतला. तो फोटो फिरत फिरत तिच्या बापाच्या मोबाईलवर आला, खाली "कुपोषित बालिका" लिहिलेलं. त्यानंतर तिच्या आईनं मुलीला वजनाला आणणं बंद केलं. मी घरी गेले तर दार लावून घ्यायची. त्या मुलीला ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे कुपोषित लेकरांना गावातच खाऊ-औषध देऊन सावरतात तिथे, ठेवायला मी त्या बाईला कितीतरी दिवस समजावत होते, ते सगळं पाण्यात गेलं. शेवटी तिच्या सासूला मध्ये घालून, रात्रीच्या वेळी, कोणी बघत नसताना तिला आणली. मुलगी आता बरी आहे, शाळेत जाते. पण त्या माणसानं आमचं भलं केलं असं त्याला अजूनही वाटत असेल.

म्हणून फोटोच्या बाबतीत माझं एकच म्हणणं आहे: लेकराचा चेहरा नाही, अंग नाही, गावाचं नाव नाही. नटाचा चेहरा कितीही दाखवा, त्याला सवय आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताई सगळ्याला नाहीच म्हणतात. तसं नाही. मला नट पाहिजे. पण माझ्या गावात नाही, डिसेंबरात नागपूरला पाहिजे, हिवाळी अधिवेशनाच्या वेळी.

काहून ते सांगते. आदिवासी भागात २०१५ पासून अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या लेकरांना आठवड्यातून चार दिवस अंडं, जे खात नाहीत त्यांना केळी. योजना खरंच चांगली आहे. अंडं मी समोर बसवून खाऊ घालते, घरी दिलं तर त्याचे पाच वाटे होतात. पण अंड्याचा सरकारी दर एक आणि थंडीत बाजारचा दर दुसरा. पैसे वरून उशिरा येतात. तोपर्यंत किराणावाल्याची उधारी माझ्या नावावर. ट्रे मोटरसायकलवर धारणीहून येतो, वळणावर चार-दोन फुटतात, त्या फुटलेल्या अंड्यांना कोणत्याही रजिस्टरात रकाना नाही. किराणावाला रस्त्यात मला टाळत नाही, मीच त्याला टाळते!

हे मी बोलले तर "सेविका तक्रार करते" होतं. तुमच्या नटानं कॅमेऱ्यासमोर एवढंच विचारलं की मेळघाटातल्या अंड्यांचे पैसे महिन्याच्या आधी का येत नाहीत, तर दुसऱ्या दिवशी फाईल हलेल. एका वाक्याचं काम आहे. त्याला घाट चढायचीही गरज नाही.

आणि मंडळाच्या पैशांतून काही द्यायचंच असेल तर दुपारसाठी एक बाई द्या. अंगणवाडी दुपारी सुटते, आया शेतातून येतात दिवस मावळताना. मधल्या वेळात तीन वर्षांच्या आतली लेकरं सांभाळून त्यांना दोनदा भरवणारी गावातलीच म्हातारी, तिला मजुरी. एवढं जुलै ते ऑक्टोबर केलं तर मी पट्टीवर फरक दाखवते तुम्हाला.

पूर्वी पीएचसी

मी या भागात वैद्यकीय अधिकारी होतो. ताईंनी म्हटलेल्यातला शब्द न् शब्द खरा. दोन गोष्टी जोडतो.

दूध पावडर किटमधून आजच काढा. ती पाण्यात कालवली जाणार, पाणी नाल्याचं किंवा विहिरीचं, आणि बाटली असली तर विचारूच नका. पावसाळ्यात हगवणीचा तो सरळ रस्ता आहे. शिवाय "पावडर आहे" म्हणून अंगावरचं दूध लवकर तुटतं.

दुसरं म्हणजे सांभाळणाऱ्या बाईची कल्पना करून पाहिलेली आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग नावाची डॉक्टरांची संस्था आहे. त्यांनी जंगलातल्या गावांमध्ये 'फुलवारी' चालवल्या, सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांसाठी. गावातल्याच बायका सांभाळतात आणि खाऊ घालतात. पुढे तिथल्या सरकारनंही ती कल्पना उचलली. तिचा व्हिडिओ चांगला येणार नाही, हे मात्र खरं. लेकरं बसून खिचडी खातायत, यात पाहण्यासारखं काय!

दर्यापूर टू पुणे

सगळे नटांवर तुटून पडलेत म्हणून थोडी दुसरी बाजू. कॅमेरा नसता तर मेळघाट कोणाला कळला असता? १९९३ ला पेपरात बालमृत्यूंच्या बातम्या आल्या तेव्हा कुठे मुंबईनं नकाशा उघडला. प्रसिद्धी हे हत्यार आहे, प्रश्न ते कुठे चालवायचं एवढाच.

ताई जे मागतायत ते एका फुटबॉलपटूनं करून दाखवलंय. मार्कस रॅशफर्ड, तेव्हा मँचेस्टर युनायटेडचा. २०२० च्या जूनमध्ये, वय २२. कोविडमुळे शाळा बंद, आणि इंग्लंडच्या सरकारनं ठरवलं की उन्हाळी सुट्टीत गरीब मुलांना जेवणाची कुपनं द्यायची नाहीत. यानं खासदारांना जाहीर पत्र लिहिलं. त्यात आकडेवारीपेक्षा स्वतःचीच गोष्ट होती: आई पूर्ण वेळ राबायची तरी घरात पुरायचं नाही, शाळेतल्या मोफत जेवणावर मी वाढलो. सरकार आधी नाही म्हणालं आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणालं. १२ कोटी पौंड, सुमारे १३ लाख मुलं. ऑक्टोबरमध्ये संसदेत पुढच्या सुट्ट्यांचा ठराव पडला, तर त्यानं फुकट जेवण देणाऱ्या हॉटेलांच्या आणि नगरपालिकांच्या याद्या ट्विटरवर टाकायला सुरुवात केली. नोव्हेंबरात सरकार पुन्हा नमलं. त्यानं फूड बँकेसाठी पैसेही जमवले, पण पत्रानं जे केलं ते पैशांनी झालं नसतं.

आपल्याकडचं बघायचं तर एमजीआर. श्रीलंकेत कँडीजवळ जन्म, बाप लहानपणी गेला, पोटासाठी नाटक कंपनीत. पुढे तमिळ सिनेमाचा देव झाला, मुख्यमंत्री झाला, आणि १ जुलै १९८२ ला शाळा-बालवाड्यांतल्या मुलांसाठी दुपारचं जेवण सुरू केलं. तिथे आधीचे मुख्यमंत्री कामराज यांच्या काळापासून शाळेत जेवण होतंच, यानं ते भलतंच मोठं केलं. लोकांनी उधळपट्टी म्हटलं, मतांसाठी म्हटलं. असेल मतांसाठी. पण १९८९ ला विरोधी पक्षाचे करुणानिधी आले, त्यांनी योजना बंद तर केली नाहीच, उलट तिच्यात अंडं घातलं.

आणि नुसत्या पैशाच्या कार्यक्रमांचं काय होतं तेही सांगतो. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कला पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. असा मोठा मदतीचा कार्यक्रम त्याआधी फारसा कोणी पाहिला नव्हता. तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफला लगेच गेले. पण रेकॉर्ड आणि फिल्मचे त्याहून कितीतरी मोठे पैसे तिथल्या टॅक्सच्या भानगडीत अनेक वर्षं अडकले. ताईंच्या अंड्यांचे पैसे उशिरा येतात, यात त्या एकट्या नाहीत.

संत्र्याचा बगीचा

दर्यापूरवाले, हे बेस सांगतलं तुम्ही. अंड्यावरून मले आठवलं. आमच्या शाळेत सुरवातीले पोट्ट्यायले महिन्याचा तांदूळ घरी देत, तीन किलो. थो तांदूळ घरी सगळे खात, पोट्ट्याच्या वाट्याले दोन घास. २००१ ले सुप्रीम कोर्टानं शिजवूनच द्या म्हटलं, तवापासून खिचडी. थ्या वक्ताले चुलीचा धूर अन् हिशोबाचे कागद आमच्या उरावर आले म्हणून आमी मास्तर लोक लय कुरकुरलो. पण दुपारच्या सुट्टीत घरी पळून जाणारे पोट्टे थांबाले लागले, हे मी डोयानं पाह्यलं.

२०२३ च्या आखरीले शाळेत आठवड्याले एक अंडं सुरू झालं. २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचा पैसा बंद केला, अन् पाहिजे तर लोकसहभागातून द्या म्हटलं. आता लोकसहभाग म्हंजे कोन? थेच पोट्ट्यायचे मायबाप. त्या वक्ताले एखांद्या मालिकेवाल्यानं "माह्या गावच्या पोरायचं अंडं काहून बंद केलं" एवढं जरी म्हटलं असतं ना! बाबू, तुह्या नटाले हे इचार. थो अमरावतीकडचाच असंन तर त्याले आपल्या गावची शाळा याद असंन.

पानपिंपळी

सगळ्यांचे आभार, विशेषतः ताईंचे. काल मंडळाची बैठक झाली, तुमची उत्तरं सगळ्यांना वाचून दाखवली. बिस्किटं आणि दूध पावडर रद्द. फोटोची अट मान्य. आणि ताई, आज सकाळी आम्ही तिघं गावाबाहेर जिनिंगच्या मागं पालं आहेत तिथे जाऊन आलो. सात-आठ कुटुंबं आहेत, दोन धारणी तालुक्यातलीच. लेकरं अंगणवाडीत येत नाहीत, कारण त्यांना वाटतं इथल्या अंगणवाडीत आपलं नाव नाही. आमच्या गावच्या सेविकेशी बोललो. ती म्हणाली, आणा, मी बसवते, नाव नंतर बघू.

कलाकाराशी फोनवर बोललो. तो स्वतः ऐकून घेत होता. पण त्याचा मॅनेजर मध्येच म्हणाला की अंड्यांच्या पैशांचं बोलणं "राजकीय" होईल, चॅनलला चालणार नाही. किट वाटप असेल तर येतो. आता काय करावं?

सिपना काठ

पालावरची लेकरं बसवली हे ऐकून खूप बरं वाटलं, दादा. त्यातली जी आमच्याकडची आहेत त्यांच्या वजनाचं कार्ड आईजवळ असेल, पिशवीत तळाशी ठेवतात, मागून घ्या. कार्ड नसलं तर गाव विचारून मला कळवा, मी तिथल्या सेविकेला फोन करते. ती नावं इथून तिकडे वळती करता येतात.

नटाचं म्हणाल तर सरकारला शिव्या द्या असं कोणी म्हटलंच नाही. त्याला म्हणावं, तू नुसती सेविकेची दिवसभराची गोष्ट सांग. अंडी कुठून आणते, कशी आणते, पैसे कधी मिळतात. विचारू नकोस, नुसतं सांग. त्यात राजकारण काय आहे? तेही जमत नसेल तर त्याला अंजनगावलाच आणा, पालावर. तिथे किट वाटू द्या, हरकत नाही, ते लोक रोजंदारीचे आहेत, आठ दिवसांचं धान्य त्यांना खरंच उपयोगी पडेल. इकडे घाटात आणू नका.

आणि दुपारच्या बाईचं विसरू नका. आमच्या गावात एक आहे, नातवंडं मोठी झालीत, हात स्वच्छ आहे, लेकरं तिच्याकडे जातात. तिला मजुरीचा दर जो चालू असेल तो द्यावा लागेल, कमी नाही, नाहीतर तीही शेतात जाईल. जुलैपासून चार महिन्यांचे पैसे एकदम बाजूला काढून ठेवता येत असतील तर सांगा. एक महिना देऊन बंद करणार असाल तर सुरूच नको, लेकरांना सवय लागते.

संत्र्याचा बगीचा

त्या मॅनेजरचा नंबर मले मेसेजमंदी पाठव, बाबू. अन् बाईच्या मजुरीतला एक महिना माह्या पेन्शनमंदून.